पकडलेला नाग पंधरा दिवस काहीच खात नसेल तर जबरदस्तीने भरवावं का?

नाही. अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की जखमी नाग परवानगीने केंद्रात ठेवलाय, तीनदा उंदीर टाकला, त्याने तोंड लावलं नाही आणि आता तिथले सिनियर म्हणतायत चिमट्याने कोंबा. हे "कोंबा" वाचलं आणि राहवलं नाही.

आधी माझ्या मण्यारीचं सांगतो. चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून कॉल आला, वांग्याच्या वाफ्याला लावलेल्या नायलॉनच्या जाळीत मण्यार अडकली होती, जितकी धडपडेल तितकी जाळी आवळत गेलेली. कापून काढली तर तीन ठिकाणी खवले जाऊन आतलं मांस दिसत होतं, म्हणून जनावरांचे डॉक्टर म्हणाले जखम भरेपर्यंत सोडायची नाही. वजन 212 ग्रॅम. पहिल्या आठवड्यात मेलेला उंदीर ठेवला, नाही खाल्ला. दुसऱ्या आठवड्यात नाही, तिसऱ्यात नाही. दिवसा कधीही बघा, वेटोळं करून डोकं खाली खुपसून पडलेली.

आमच्याकडे एक जुने दादा होते, वीस वर्षं साप धरलेले. ते रोज येऊन तेच म्हणायचे, "साप उपाशी मरतोय आणि तू वह्या लिहीत बसलायस." आदल्या वर्षी त्यांनी एका घोणसीला असंच भरवलं होतं, आणि पाइपमध्ये घातलेल्या त्या घोणसीची शेपटी मी धरली होती. तिसऱ्या दिवशी तिने सगळं ओकलं, खोलीत उभं राहवेना इतका वास, आणि सहाव्या दिवशी गेली. दादा म्हणाले उशीर झाला होता. मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, उशीर नव्हता, घाई होती. घाबरलेल्या सापाच्या पोटात कोंबलेलं पचत नाही, घसा सोलतो, श्वासनळीत गेलं तर संपलंच.

आता मण्यार रानात खाते काय? जास्त करून दुसरे साप. वाळा, कवड्या, दिवड, कधी दुसरी मण्यारसुद्धा. साप जिभेने वास घेऊन अन्न ओळखतो, आणि या मण्यारीला पांढऱ्या उंदराचा वास अन्नाचा वाटतच नव्हता. केंद्रातल्या धामणीने त्याच आठवड्यात कात टाकली होती. ती कोमट पाण्यात भिजवली, भिजलेली कात कांद्याच्या पापुद्र्यासारखी बोटाला चिकटते, ती मेलेल्या छोट्या उंदराला नाकापासून गुंडाळली. दोरा बांधायचा मोह झाला होता पण नाही बांधला, पोटात गेला तर आतड्यात अडकतो. रात्री दहाला लांब चिमट्याने आत ठेवला, टबावर गोणपाट टाकलं, लाइट बंद, कुलूप लावून घरी गेलो. झोप कसली लागतेय. सकाळी उंदीर नव्हता. पाण्याच्या भांड्याच्या काठाला कातीचा बोटभर तुकडा चिकटला होता आणि मण्यारीचं पोट मध्ये फुगलेलं. तो चौतिसावा दिवस. आदल्या संध्याकाळी भरलेलं वजन 203 ग्रॅम, म्हणजे इतक्या दिवसांत फक्त नऊ ग्रॅम उतरलं होतं!

तुमच्या नागाला बहुतेक वेगळंच काहीतरी नडतंय. काचेला चारी बाजूंनी पेपर लावा, तो फणा काढून उभा राहत असेल तर भ्यायलाय, आणि भ्यायलेला साप खात नाही. फोटोला येणारे बंद करा. लपायला भोक पाडलेला माठ पालथा घाला. ऊब 28-30 डिग्री ठेवा, एका कोपऱ्यात थोडं गार असू द्या. डोळे निळसर दुधाळ दिसत असतील तर कात यायचीय, तोवर वाट बघा. नाग भेक आवडीने खातो म्हणून उंदराला भेकाचा वास लावून बघा, पण भेकच देऊ नका, त्यातनं जंत येतात. जिवंत उंदीर तर नकोच, न खाल्लेला उंदीर सापालाच कुरतडतो.

राहिलं ते सांगतो. नाग गारुड्याकडून आलेला असेल तर आधी डॉक्टरांकडून तोंड बघून घ्या, दात उपटलेले असतील, हिरड्यांत पू असेल तर तो खाणार कसा? वजन दहा टक्क्यांच्या वर उतरलं तर नळीने द्यावं लागतं, पण ते डॉक्टर ठरवतील आणि डॉक्टरच करतील, सिनियर नाही. आणि रात्री मी एकट्याने झाकण उघडलं ते चूकच होतं, मण्यार चावली तर कित्येकदा दुखतसुद्धा नाही आणि सकाळी श्वास अडकतो. दोघं असा, आणि कुठल्या दवाखान्यात अँटीव्हेनम आहे ते आधीच विचारून ठेवा.

दर आठवड्याला वजन करा, तारीख घालून लिहा आणि ती वही सिनियरांच्या पुढ्यात ठेवा. मण्यार ऑक्टोबरमध्ये सोडली तेव्हा 231 ग्रॅम होती, दादांनी माझी वही अजून उघडलेली नाही.