वाचकांचे प्रश्न : ओपन हाऊसमध्ये खाणेपिणे ठेवावे का?

प्रश्न : आम्ही आमचे राहते घर विक्रीला काढले आहे. येत्या रविवारी दुपारी तीन तास ओपन हाऊस ठेवायचे ठरले असून त्या वेळात कोणीही इच्छुक आगाऊ वेळ न घेता येऊन घर पाहू शकेल. येणाऱ्यांसाठी कॉफी, फळांचा रस, ताजा केक आणि बिस्किटे मांडून ठेवावीत, म्हणजे लोक घाईने निघून जाणार नाहीत आणि घराविषयी चांगले मत घेऊन जातील, असे माझ्या पत्नीला वाटते. आमच्या एजंटच्या मते याची मुळीच गरज नाही, उलट सांडलवंड निस्तरत बसावे लागेल. मला दोघांचेही पटते, त्यामुळे निर्णय होत नाही. शिवाय ओव्हनमध्ये केक भाजत ठेवला की त्या वासाने घर लवकर विकले जाते, असे अनेकांकडून ऐकले आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : आपल्या पत्नीच्या सूचनेमागचा भाव अगदी योग्य आहे. आपल्या घरात आलेल्या माणसाला कोरडेच परत पाठवणे जिवावर येते. तरीही माझा कौल बराचसा एजंटच्या बाजूने आहे, आणि तो देताना मी एक कसोटी लावतो : घर पाहायला आलेल्या माणसाचे हात, नाक आणि लक्ष ही तिन्ही घरासाठी मोकळी राहिली पाहिजेत. पिण्याचे पाणी जरूर ठेवावे; त्यापुढे जे काही मांडायचे ते या कसोटीला उतरते का, हे आधी पाहावे.

हातांविषयी मी एवढ्या आग्रहाने सांगतो, त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या ओपन हाऊसला मी मदतीसाठी थांबलो होतो. प्रवेशदाराजवळच टेबल मांडून त्यावर कॉफी आणि खाण्याचे पदार्थ ठेवले होते, आणि येणाऱ्याच्या हाती आम्ही आल्या आल्या भरलेला कप देत होतो. एक मध्यमवयीन जोडपे आले. बाईंच्या हातात कप आणि त्यांच्या यजमानांच्या हातात बशी. स्वयंपाकघरात बाईंना भिंतीतले कपाट उघडून आत जागा किती आहे ते पाहायचे होते, पण कप कुठे टेकवावा हे त्यांना कळेना; ओट्यावर डाग पडेल या धास्तीने तो तसाच धरून त्या पुढे निघाल्या. झोपण्याच्या खोलीत फिकट रंगाचा गालिचा होता. बाई उंबऱ्यावर थांबल्या, कपातल्या कॉफीकडे पाहिले, दारातूनच आत नजर टाकली आणि मागे वळल्या. त्या घरातली सर्वांत चांगली खोली तीच होती. तिच्या दोन खिडक्यांतून येणारा उजेड आत जाऊन उभे राहिल्याशिवाय दिसतच नसे.

त्यानंतर आम्ही ते टेबल उचलून बाहेर पडण्याच्या वाटेवर नेले आणि फरक लगेच दिसला. लोक आधी मोकळ्या हातांनी घर पाहून घेत, कपाटे उघडत, नळ सोडून पाहत, खिडक्या सरकवून पाहत. आणि शेवटी टेबलापाशी आल्यावर पाण्याचा पेला हातात घेऊन घरमालकांना प्रश्न विचारत. पाण्याचा दाब कसा असतो, गच्ची कधी गळली होती का, शेजारी कसे आहेत, हे असे प्रश्न माणूस चालता चालता विचारत नाही. त्यासाठी त्याला थांबायला निमित्त लागते. लोक रेंगाळावेत ही आपल्या पत्नीची अपेक्षा रास्त आहे. त्यांनी कुठे रेंगाळावे, एवढेच ठरवायचे आहे.

आता वासाविषयी. भाजलेल्या पिठाचा किंवा कॉफीचा वास मनाला सुखावतो, यात शंका नाही. उष्णतेमुळे साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात जी रासायनिक क्रिया होते, तिच्यातून हे वास निर्माण होतात. लुई-कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परंतु वास सुखद असणे आणि वासामुळे घर विकले जाणे यांत फार अंतर आहे. या बाबतीत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा आधार अनेकदा घेतला जातो. स्वित्झर्लंडमध्ये गृहसजावटीच्या वस्तूंच्या एका दुकानात संशोधकांनी काही दिवस संत्र्याचा साधा, एकेरी सुगंध दरवळत ठेवला, काही दिवस अनेक सुगंधांचे मिश्रण वापरले आणि काही दिवस काहीच वापरले नाही. साध्या सुगंधाच्या दिवसांत ग्राहकांनी सरासरी सुमारे २० टक्के अधिक खर्च केला. मिश्र सुगंधाचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की साधा वास मेंदूला सहज उमगतो आणि खरेदीच्या विचारात अडथळा आणत नाही, तर गुंतागुंतीचा वास नकळत लक्ष वेधून घेतो. हा प्रयोग दुकानातल्या छोट्या खरेदीचा आहे, हे विसरू नये. घराचा निर्णय माणूस अनेक दिवस, घरच्यांशी बोलून, कर्जाचा हिशेब मांडून घेतो, आणि तेव्हा केकचा वास केव्हाच विरून गेलेला असतो.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. घरात पाऊल टाकताच तीव्र सुगंध आला, तर जाणत्या खरेदीदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो, की या वासाखाली काय झाकले आहे? ओल, बुरशी, तुंबलेली मोरी की पाळीव प्राण्यांचा वास? आपले घर निर्दोष असूनही असा संशय का ओढवून घ्यावा? आदल्या दिवशी तळणीचे काही करू नये, सकाळी खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी, कचऱ्याची बादली रिकामी करावी. घराला कसलाच वास नसणे यापरती चांगली स्थिती नाही. जे घरात राहतात त्यांच्या नाकाला घरचा वास जाणवेनासा झालेला असतो, म्हणून बाहेरच्या एखाद्या स्पष्टवक्त्या व्यक्तीला बोलावून तिचे मत जरूर घ्यावे.

सांडलवंडीची भीती एजंटला वाटते ती खरी आहे, पण सगळे पदार्थ सारखे धोक्याचे नसतात. आपल्या यादीतली सर्वांत त्रासदायक वस्तू मला फळांचा रस वाटते. ओट्याचा किंवा जमिनीचा दगड संगमरवर असेल, तर लिंबूवर्गीय रसातले सायट्रिक आम्ल दगडातल्या कॅल्शियम कार्बोनेटशी लगेच क्रिया करते आणि तिथली चकाकी कायमची जाते. पुष्कळांना तो डाग वाटतो आणि ते घासत बसतात. वास्तविक तिथला दगडच झिजलेला असतो आणि पुन्हा पॉलिश केल्यावाचून तो पूर्ववत होत नाही. विक्रीच्या तोंडावर हा खर्च कशाला? गालिच्यावर कॉफी सांडलीच, तर ती चोळू नये. स्वच्छ, कोरड्या कापडाने कडेकडून मध्याकडे टिपून घ्यावी, मग थोडे गार पाणी लावून पुन्हा टिपावी. चोळल्याने डाग पसरतो आणि धाग्यांत खोल जातो.

केकविषयीही थोडे सावधपणे सांगतो. शिजवलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतूंची वाढ झपाट्याने होते. आपले ओपन हाऊस तीन तासांचे आहे. साध्या कोरड्या केकचे किंवा बिस्किटांचे फारसे काही बिघडत नाही, परंतु साय, लोणी किंवा ताजी फळे वापरलेला केक शेवटच्या तासात आलेल्या पाहुण्यासमोर ठेवणे योग्य होणार नाही. त्याखेरीज ॲलर्जीचा प्रश्न आहेच. शेंगदाणे, इतर कवचाची फळे, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, तीळ यांपैकी एखादी गोष्ट कोणाच्या जिवावर बेतू शकते, आणि घरी केलेल्या पदार्थात काय काय पडले आहे हे पाहुण्याला समजायला मार्ग नसतो. म्हणून काही ठेवायचेच असेल, तर कारखान्यात वेष्टनबंद केलेली, घटकांची यादी छापलेली छोटी पाकिटे ठेवावीत. ती लोक खिशात टाकून नेतात, त्यामुळे घरात भुगाही सांडत नाही. लहान मुले येण्याची शक्यता असल्यास अख्खे दाणे टाळावेत, कारण ते मुलांच्या घशात अडकतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. खाण्याच्या टेबलाभोवती माणसे जमली की एजंटचे लक्ष तिथेच गुंतून पडते आणि आतल्या खोल्यांकडे कोणाची नजर राहत नाही. दागिने, औषधे, बँकेची कागदपत्रे आणि सुट्या किल्ल्या त्या दिवशी कुलपात ठेवाव्यात, हे तसेही आवश्यक आहे. टेबल मांडणार असाल तर घरात दुसरा एक माणूस केवळ खोल्यांकडे लक्ष द्यायला हवा.

तेव्हा रविवारी असे करावे : बाहेर पडण्याच्या दाराशी लहान टेबल, त्यावर पाण्याच्या छोट्या बंद बाटल्या, वेष्टनबंद बिस्किटांची परडी, शेजारी झाकणाची कचरापेटी आणि घराचा नकाशा व मोजमापे छापलेली पत्रके. कॉफी नको. प्रसाधनगृह मात्र लखलखीत ठेवावे आणि हात पुसायला कागदी रुमाल ठेवावेत.

प्रश्न : मी नव्यानेच घरविक्रीच्या व्यवसायात आले आहे. महागड्या घरांच्या संध्याकाळच्या ओपन हाऊसमध्ये काही सहकारी वाइन देतात आणि त्यामुळे घराचा दर्जा उठून दिसतो, असे सांगतात. मीही तसे करावे का?

उत्तर : करू नये, असे मी आपल्याला कळकळीने सांगेन. आलेला माणूस बहुधा स्वतः गाडी चालवत आलेला असतो आणि इथून पुढे दुसरे घर पाहायला जाणार असतो. ओपन हाऊसला कोणीही येऊ शकत असल्यामुळे प्रत्येकाचे वय आपण तपासू शकत नाही, आणि मद्य देणाऱ्यावर कायद्याची जबाबदारी येऊ शकते असे नियम अनेक ठिकाणी आहेत. आपल्या विमा कंपनीला विचारले तरी आपला उत्साह ओसरेल. घराचा दर्जा त्याच्या बांधणीत, उजेडात आणि स्वच्छतेत दिसू द्यावा.

केवळ एजंटांसाठी जो पाहणीचा दिवस ठेवला जातो, त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे येणारी माणसे एका दिवसात पाठोपाठ अनेक घरे पाहत असतात आणि जेवणाची वेळ टळून गेलेली असते. अशा वेळी साध्या, पोटभरीच्या जेवणाची व्यवस्था केली, तर ती मंडळी थोडी निवांत बसतात आणि आपल्या घराविषयी, किमतीविषयी व्यावसायिक मत मोकळेपणाने सांगतात. खाण्यावर खर्च करायचाच असेल, तर तो या दिवशी करावा.

प्रश्न : आम्ही घर शोधत आहोत. ओपन हाऊसमध्ये दिलेले खाल्ले-प्यायले की उगाचच मिंधे झाल्यासारखे वाटते. नाही म्हणणे उद्धटपणाचे ठरेल का?

उत्तर : मुळीच ठरणार नाही. आपल्याला वाटणारा संकोच सर्वसाधारण मानवी आहे. मानसशास्त्रज्ञ डेनिस रीगन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, ज्यांना सोबतच्या माणसाने न मागता शीतपेय आणून दिले, त्यांनी नंतर त्याच माणसाकडून सोडतीची तिकिटे इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त विकत घेतली. एका शीतपेयाने एवढा फरक पडतो, हे घर घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. घरे पाहायला निघताना पाण्याची बाटली सोबत घ्यावी, पोट भरलेले असावे, आणि आग्रह झाल्यास “आधी घर पाहून घेतो” असे हसून सांगावे. त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही. कोणत्याही घरात वास प्रमाणाबाहेर दरवळत असेल, तर मोरीखालचे कपाट उघडून आत वाकून पाहावे, भिंतीच्या तळाशी हात फिरवून ओल लागते का ते पाहावे, आणि घर पसंतीस उतरलेच तर ओपन हाऊस नसलेल्या एखाद्या दिवशी, शक्यतो सकाळी, पुन्हा एकदा पाहायला मिळावे अशी विनंती करावी.