जत्रा झाली, आता मंगळवारी जा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे ४० फोटो दोनदा पाहिले. एक्स्पोजर, चौकट, सगळं जमलंय, त्यावर बोलत नाही. पण ४० पैकी ३१ फोटो एकाच शनिवारचे, तुझ्या इंग्लंडमधल्या गावच्या समर फेटचे, म्हणजे उन्हाळी जत्रेचे. पताका, केकची टेबलं, गुडघ्याला घुंगरू बांधून मॉरिस हा तिथला लोकनाच नाचणारे आजोबा. त्या दिवशी गाव पाहुण्यांसाठी नटलेलं असतं. कुणी आपल्या गावचे म्हणून नुसते उरुसातल्या पाळण्याचे फोटो दाखवले तर तू काय म्हणशील?

ही खोड जुनी आहे. सर बेंजामिन स्टोन हे बर्मिंगहॅमचे खासदार. चालीरीती फोटोत नोंदवून ठेवायला त्यांनी १८९७ मध्ये संस्थाच काढली. ॲबट्स ब्रॉम्ली या गावचा रेनडिअरच्या शिंगांचा नाच त्यांनी टिपला. काम मोलाचंच, पण माणसं कॅमेऱ्यापुढे ओळीनं उभी. शिंगं खाली ठेवल्यावर ती कुठल्या कामाला लागली, ते काही कळत नाही.

तू राहतेस त्याच उत्तर डेव्हनमध्ये जेम्स रॅव्हिलियस या फोटोग्राफरनं वेगळं केलं. १९७२ पासून सुमारे १७ वर्षं, बीफर्ड गावच्या फोटोसंग्रहासाठी, तो घराच्या पंचक्रोशीतच हिंडत राहिला. ७०,००० हून जास्त निगेटिव्ह जमल्या. मेंढ्या, कुंपणं, चिखल, घरी येऊन रोग्याला तपासणारा डॉक्टर. कोटिंग नसलेल्या जुन्या लेन्स वापरून, उजेडाकडे तोंड करून तो फोटो काढी. म्हणून तिथला ओलसर उजेड मऊ उतरलाय. लोक त्या लेन्सचीच चौकशी करतात. मला विचारशील तर तो शेजारी होता, हे जास्त महत्त्वाचं. रोज दिसणाऱ्या माणसापुढे कोणी पोट आत घेत नाही.

तेव्हा मंगळवारी जा. व्हिलेज हॉलमध्ये वयस्कर मंडळींचं जेवण असेल तर आधी खुर्च्या मांड, मग कॅमेरा काढ. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहा. चहाच्या मोठ्या अर्नची, म्हणजे तोटीच्या पिंपाची, वाफ काचेवर धरते, कुणीतरी कोपरानं ती पुसून बाहेर गाडी आली का बघतं. तसा फोटो मला दहा वर्षांत एकच मिळाला, आणि तोही हललेला.

फजितीही सांगतो. तिकडे राहत होतो तेव्हा मी हॉलमध्ये फोटो लावले होते. एकाखाली लिहिलं, ‘वाळलं गवत भरताना’. एक म्हातारे शेतकरी बराच वेळ पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, ‘हा बार्लीचा पेंढा आहे.’ गवत जनावराच्या पोटात जातं, पेंढा त्याच्या अंगाखाली. आपल्याकडे कडब्याला भुसा म्हणणाऱ्याकडे जसं बघतील, तसं सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हापासून ओळ लिहिण्याआधी फोटोतल्या माणसालाच विचारतो.

प्रिंट दे. फोनवर पाठवलेला फोटो आजीबाई हरवतात, कागदावरचा शेकोटीवरच्या फळीवर उभा राहतो. मागे पेन्सिलीनं नाव, जागा, तारीख. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाहीत. रस्त्यावर कायदा आडवा येत नसला तरी गावात तोंड दाखवायचं असतं.

आणि नुसतं जुनं शोधू नकोस. गवताचं छप्पर आणि फुलांची वेल पुष्कळांनी काढलीय. दाराशेजारी किल्लीची छोटी पेटी दिसली की ते घर बहुधा सुट्टीवाल्यांना भाड्यानं जातं. डिसेंबरात साडेचारला अंधारतं. तेव्हा एका गल्लीतून चाल, किती खिडक्यांत दिवा आहे ते मोज आणि न पेटलेल्याही काढ. पार्सलवाल्याची व्हॅन, बस थांब्यावर एकटाच उभा असलेला पोरगा, पबबाहेर ‘विकणे आहे’ची पाटी हेही त्याच गावचं.

तुझा अठरावा फोटो मात्र मी बाजूला काढून ठेवलाय. दुकानातली पोस्टाची खिडकी, वजनकाट्यावर दोऱ्यानं बांधलेला पुडा आणि त्यावर दोन हात. हात कुणाचे? पुडा कुठे चाललाय? विचारून कळव.

तुझा,
काका