एका वावरातल्या दोन वह्या

प्रिय बेटा,

तुझं पाकीट परवा मिळालं. दोन्ही वह्यांच्या झेरॉक्स ओसरीत बसून वाचल्या, जेवणानंतर पुन्हा वाचल्या. दादा-वहिनीनं लेकरांना घरीच शिकवायचं ठरवलं, गणित वहिनी बघते आणि लिहिणं तुझ्या वाट्याला आलं. चौदा महिन्यांच्या अंतराची ही दोघं एका चटईवर बसली की धाकटी पानभर लिहिते आणि थोरला तीन ओळींत वही मिटतो. त्याचं काय करू, असं तू विचारलंस.

त्या तीन ओळी माझ्यासमोर आहेत. ‘पोळा झाला. बैल सजवले. मजा आली.’ खाली तुझ्या लाल शाईत, ‘अजून लिही.’

आता हे आठव. पाडव्याला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, तू मला फोन लावलास तेव्हा याच पोरानं तो तुझ्या हातातून ओढून घेतला होता. म्हणाला, “आजी, आम्ही लाल्याचे खांदे शेकले, पयसाच्या पानानं, हयद अन् तूप लावून. बाबानं त्याच्या कानात म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्यानं डोये मिटले.” मी तेव्हाच ते कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं. ज्या पोराला बैलानं डोळे मिटलेले दिसले, त्याच्याकडे लिहायला काही नाही असं मी मानणार नाही.

त्याचं अडतं ते हातात. नऊ वर्षांच्या लेकराची जीभ धावते आणि हात रांगतो. ‘शेकले’मधला ‘श’ नीट काढेपर्यंत पुढचं वाक्य डोक्यातून निघून जातं. मग ते शहाणं पोरगं काय करतं? हाताला झेपेल एवढंच बोलायचं ठरवतं. धाकटीचा हात लवकर वळला, एवढाच दोघांतला फरक आहे. म्हणून सुचणं आणि अक्षर काढणं ही दोन कामं काही महिने वेगळी कर. त्यानं सांगावं, तू लिहावं. जसंच्या तसं लिहायचं. तो ‘मंग’ म्हणाला तर ‘मंग’. मध्ये सुधारणा करायची नाही, ‘म्हणजे कसं?’ असं विचारायचंही नाही. संपलं की त्याचंच त्याला मोठ्यानं वाचून दाखव. स्वतःचं बोलणं कागदावरून परत ऐकताना लेकराचा चेहरा कसा होतो ते तू बघशीलच. दोनेक आठवड्यांनी शेवटचं वाक्य त्याच्या हातानं लिहायला दे, मग शेवटची दोन. घाई नको. सुंदर अक्षराचा सराव वेगळ्या वेळी, वेगळ्या वहीत, रोज पाच-सहा ओळी, आणि त्यात काय सुचलं हा प्रश्नच नाही.

आणि ते ‘अजून लिही’ खोडून टाक. त्याजागी एक प्रश्न लिही, ज्याचं उत्तर तुला खरंच माहीत नाही. ‘लाल्यानं डोळे मिटले तेव्हा बाबा काय करत होते?’ असा.

आता जे सांगते ते मी कधी कुणाला पत्रात लिहिलं नव्हतं. माझी शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी माझ्याकडे एका खोलीत. चौथीत एक भाऊ आणि तिसरीत त्याची बहीण. एकदा मी बहिणीचा उतारा वर्गाला वाचून दाखवला आणि भावाला म्हटलं, “बघ, तुझी लहान बहीण कशी लिहिते.” मला वाटलं, तो इरेला पेटेल. त्यानं पुढं वर्षभर माझ्यासमोर मनातलं एक वाक्य लिहिलं नाही. त्याहून वाईट म्हणजे बहिणीनंही हात आखडता घेतला. तिचे उतारे लहान होत गेले, येत असलेले शब्द ती चुकवू लागली. मला हे उशिरा उमगलं. तिला संध्याकाळी त्याच्याचसोबत घरी जायचं होतं, त्याच्याच ताटात जेवायचं होतं. भावापुढं जाऊन तिला काही नको होतं. ते वर्ष मला त्या दोघांना परत देता आलं नाही.

शाळेत निदान आणखी वीस लेकरं असतात, कौतुक विखुरलं जातं. तुझ्या ओसरीत दोघंच आहेत. तिथं एकाला ‘छान’ म्हटलं की दुसऱ्याला आपला निकाल कळतो. म्हणून वही तपासणं नेहमी एकट्यात. एकाला घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर जा, तोवर दुसरं आजीजवळ शेंगा सोलेल. तीन वाक्यं बोल, एकच गोष्ट सुधारायला सांग, बास. एका वहीतली चूक दुसऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस. जेवताना दादानं विचारलं, “कोणी चांगलं लिहिलं आज?” तर दादालाही बाजूला घेऊन समजाव. हे तुला जड जाईल, तो मोठा आहे. तरी समजाव.

पुष्कळ जण सांगतील, वयाप्रमाणे विषय वेगळे दे म्हणजे तुलना होणार नाही. मला हे पटत नाही. अंतर चौदा महिन्यांचं असेल तर विषय एकच द्यावा, फक्त बसायची जागा वेगळी. का ते सांगते.

आपल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर तू पाहिलं आहेस. इ.स. १२७८च्या सुमारास तिथं म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहून काढल्या. ते लीळाचरित्र मराठीतला पहिला गद्यग्रंथ मानतात. म्हाइंभटांनी मनानं रचलं नाही. स्वामींना ज्यांनी पाहिलं होतं, त्यांच्याकडे ते गेले, विचारलं, ऐकलं, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतलं. पुढं मूळ पोथी गेली, तेव्हा ती शिष्यांनी आठवणीतून पुन्हा उभी केली. कुणाला काही आठवलं, कुणाला काही. तरी महानुभावांनी एकाचं ठेवून दुसऱ्याचं फेकलं नाही. हे पाठ वेगळे आहेत, अशी नोंद करून सांभाळले. आपल्या भाषेतलं गद्य असं उभं राहिलं, आणि तेही तुमच्या घरापासून फार लांब नाही.

तुझ्याजवळ दोन डोळस साक्षीदार आहेत. परवा वासरू झालं म्हणतेस ना? एकाला तुळशीपाशी बसव, एकाला गोठ्यापाशी. एकमेकांचं बघायचं नाही, विचारायचं नाही. दोघांचं झालं की वह्या अदलाबदल करून प्रत्येकानं दुसऱ्याचं मोठ्यानं वाचायचं. जिथं जुळत नाही तिथं पेन्सिलनं रेघ. तो म्हणेल वासरू लगेच उभं राहिलं, ती म्हणेल दोनदा पडलं. तू न्याय करू नकोस. बाबाला विचारायला पाठव, आजीला विचारायला पाठव, आणि तरी नाही जुळलं तर दोन्ही राहू दे. या खेळात धाकटीला कळेल की भावाला दिसलेलं आपल्याला दिसलंच नव्हतं, आणि त्याला कळेल की आपलं बघणं कुणाच्या तरी उपयोगी पडतं. पहिला-दुसरा नंबर इथं लावताच येत नाही. महिन्यातून दोनदा पुरे. रोज केलंस तर ते साक्षीदार राहायचे नाहीत, वकील होतील.

सध्या गावात भुलाबाई बसल्या असतील. कोजागिरीपर्यंत हा आणखी एक धडा फुकट मिळतो. गाणी झाली की खिरापत ओळखायची असते, तसं चिठ्ठीवर करून घे. प्रत्येकानं एका पदार्थाचं वर्णन लिहायचं, नाव घ्यायचं नाही, आणि ‘छान’, ‘मस्त’, ‘चवदार’ हे शब्द बंद. ‘वरून खारट, आतून गोड. फोडताना आवाज येतो. कधी आत दोघं भाऊ, कधी तिघं.’ उकडलेल्या शेंगा, तू ओळखल्या असशील. बघ, इथं तीनच ओळी लागतात. थोरल्याचा आखूडपणा इथं त्याचं बळ होतो. धाकटीला मात्र पसारा आवरावा लागेल, आणि तेही तिच्या भल्याचंच आहे. तिचं पोळ्याचं पान मी नीट वाचलं. निम्मी वाक्यं तिनं कुठंतरी ऐकलेली आहेत. ‘आनंदाला पारावार उरला नाही’ हे तिचं नाही. ‘आईनं पुरणात वेलची टाकली, मला शिंक आली’ हे तिचं आहे. पान भरलं म्हणजे मुलगी लिहायला शिकली असं धरून चालू नकोस. दोघांतली जास्त काळजी मला तिचीच वाटते.

वऱ्हाडीविषयी तू घाबरत घाबरत विचारलंस. ‘डोये’ लिहिलं तर खोडू का? पहिल्या लिहिण्यात मुळीच खोडू नकोस. ‘डोये’ हा त्याच्या आईचा, आजीचा शब्द आहे, त्याला चूक म्हटलंस तर आजी चूक ठरते. त्याला सांग, घरात आपण ‘डोये’ म्हणतो, छापलेल्या पुस्तकात ‘डोळे’ लिहितात, आणि आपल्याला दोन्ही यायला हवं. मग त्याला स्वतःच शोधू दे: काया-काळा, जवय-जवळ, फय-फळ. पाच-सहा जोड्या झाल्या की नियम त्याचा त्यालाच सापडेल. कुणी बोललेलं लिहिताना मात्र ते शेवटपर्यंत वऱ्हाडीतच राहू दे. लाल्याला दिलेलं आवतन पुस्तकी भाषेत घातलं तर लाल्यालाही कळायचं नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम त्यांच्यापुढं मांडू नकोस, त्यांच्याच वहीतले शब्द घे. फूल पण फुलाला, मीठ पण मिठात, मूल पण मुलाला. आठवड्याला एक जोडी, भिंतीवर खडूनं. त्या आठवड्यात तेवढीच चूक दाखवायची, बाकीच्यांकडे बघायचंसुद्धा नाही. मला ठाऊक आहे, तुझा हात लाल पेनकडे जाईल. डी.एड.ला आपल्याला तेच करायला शिकवलं होतं.

वहिनीला परीक्षेची चिंता आहे असं लिहिलंस. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवीची आणि आठवीची परीक्षा देता येते, त्याला वेळ आहे. आत्ता ‘माझा आवडता ऋतू’ पाठ करून घ्यायला लावू नका.

त्यापेक्षा जे लिहिल्याशिवाय घराचं अडतं ते त्यांच्याकडे दे. कोणत्या धुऱ्यापर्यंत निंदण झालं, किती मजूर आले, डेअरीत किती दूध गेलं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही गोष्ट मांडली. सेवाग्राम तुमच्यापासून एसटीनं दीड तासावर आहे, एकदा दोघांना नेऊन आण. तोवर दुधाची वही थोरल्याकडे सोपव. आकड्यांशेजारी ‘शेरा’ म्हणून एक रकाना ठेव. बघ, तो त्यात काय काय लिहितो.

आणि पोस्टकार्डं आण. जागा एवढीशी, म्हणून त्याला भीती वाटत नाही, आणि तिला निवडावं लागतं. एक नागपूरच्या मामाला, एक आत्याच्या सासरी. मामाला आधी सांगून ठेव की उत्तर दोन वेगवेगळ्या कार्डांवर लिहायचं, एकत्र नाही.

कापूस फुटला की तुमच्याकडे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होईलच. त्या दिवसाचं दोघांकडून लिहून घे, वेगवेगळ्या जागी बसवून. धाकटीनं स्वतः लिहावं, थोरल्यानं तुला सांगावं आणि शेवटच्या दोन ओळी आपल्या हातानं लिहाव्या. मला पाठवताना पाकिटं दोन कर. मी उत्तरंही दोनच पाठवीन, आणि थोरल्याच्या पाकिटात त्या कॅलेंडरचं पान असेल, लाल्याचं.

दादा-वहिनीला आशीर्वाद. आजीचे गुडघे कसे आहेत ते कळव.

तुझ्या बाई