केवड्यावर भुरीचं औषध का चालत नाही?

एका शेतकरी दादांनी विचारलंय, भुरी रोगाचं औषध हेक्साकोनॅझोल मारलं तरी द्राक्षावरचा केवडा रोग हलला नाही, असं का? दुसऱ्यांचा प्रश्न, रोगाच्या बुरशीवर वापरतात ती ट्रायकोडर्मा पण बुरशीच, मग ती दुसऱ्या बुरशीला कशी खाते? दोन्ही प्रश्न चांगले आहेत आणि दोन्हीकडे बुरशीच्या भिंतीतनं बघितलं की पटकन समजतं.

बुरशीच्या पेशीभोवती जी भिंत असते ती बरीचशी साखरेच्या साखळ्यांची. त्यात कायटिन म्हणजे ग्लुकोजसारखाच मणी, फक्त दोन नंबरच्या कार्बनवर नायट्रोजनवाला अ‍ॅसिटिल गट लटकलेला, आणि असे मणी बीटा १-४ जोडाने सरळ रांगेत, शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधाने एकमेकींना घट्ट धरतात म्हणून ते सळईसारखं कडक होतं. त्याच्या जोडीला बीटा १-३ ग्लुकान, अधूनमधून १-६ च्या फांद्या फुटलेलं, म्हणजे जाळीच म्हणा. स्टार्च पण ग्लुकोजचाच, पण तिथं जोड अल्फा, त्यामुळे स्टार्च तोडणारं एन्झाइम इथं कामाचं नाही.

आता भुरी ही खरी बुरशी, भिंतीत कायटिन. केवडा मात्र खरी बुरशी नाहीच, तो ऊमायसीट गटातला, शैवालांच्या जवळचा, आणि त्याच्या भिंतीत बीटा ग्लुकान आणि सेल्युलोज, कायटिन जवळपास नाहीच. हेक्साकोनॅझोल तर भिंतीवर नाही, एर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पेशीच्या पडद्यातला चरबीसारखा पदार्थ) बनण्यावर काम करतं, आणि केवडा ते बनवतच नाही, मग औषध अडवणार काय? तुमचं औषध खोटं नव्हतं दादा, रोग वेगळा होता. मँडीप्रोपामिड, डायमेथोमॉर्फ ही औषधं सेल्युलोज बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतात म्हणून ती केवड्यावर चालतात, भुरीवर नाही. पण त्या एन्झाइमच्या एका जीनमधे छोटा बदल झाला की प्रतिकार तयार होतो, म्हणून तीच तीच परत मारू नका, मँकोझेब या बुरशीनाशकासोबत द्या, वेगळ्या गटाचं आलटून पालटून घ्या, प्रमाण लेबलवरचंच.

फवारायच्या आधी पान उलटून बघा. खालून पांढरी लव आणि वरून तेलकट पिवळा डाग असला तर केवडा, राखेसारखी पावडर असली तर भुरी.

ट्रायकोडर्माचं म्हणाल तर ती कायटिनेज आणि ग्लुकानेज ही कायटिन आणि ग्लुकान तोडणारी एन्झाइम सोडते, समोरच्याची भिंत विरघळवते आणि आत शिरते. फक्त कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत कालवू नका, ट्रायकोडर्मा स्वतःच मरते.