सशाचे केस खूप गळत आहेत. त्याला आंघोळ घालावी का? आणि त्या केसांचा काही उपयोग होतो का?

आंघोळ घालू नका, ही पहिली विनंती. 'एकदा धुऊन काढ, मोकळे केस निघून जातील' असं घरचे म्हणतात, हे तुम्ही लिहिलंय. पण सशाची लव इतकी दाट असते की मुळापर्यंत भिजली की लवकर वाळत नाही. खालची कातडी पातळ, त्यात जीव भित्रा. गारठ्याने आणि धसक्याने ससा दगावू शकतो.

ऋतू बदलताना, वर्षातून साधारण दोनदा, सशाचे केस बदलतात. पुंजकेच्या पुंजके निघतात आणि खाली नवे आखूड केस दिसतात. तसं असेल तर निर्धास्त राहा. कानाच्या कडेला, नाकावर किंवा नखांच्या मुळाशी खपल्या धरल्या असतील, तर मात्र ती बहुधा खरूज. डॉक्टरांकडेच न्या. कुत्र्याचा गोचिडांचा स्प्रे मारू नका, त्यातलं फिप्रोनिल सशाला विषारी ठरतं. मादी पोटाचे, गळ्याखालचे केस स्वतःच उपटत असेल तर ती पिल्लांसाठी घरटं करतेय. गाभण नसतानाही कधीकधी करते. पिल्लं उघडी जन्मतात, त्यांना तीच ऊब, म्हणून ते केस उचलून टाकू नका.

खरी काळजी गिळलेल्या केसांची. ससा दिवसभर अंग चाटतो आणि त्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेला केस लेंडीवाटेच बाहेर पडायला हवा. केस गळायच्या दिवसांत मी सकाळी आधी ट्रे बघते. केसात ओवलेल्या लेंड्यांची माळ दिसली की गवत वाढवायचं आणि विंचरायचं. लेंड्या बारीक, कमी होत चालल्या किंवा त्याने खाणं सोडलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आतड्याची हालचाल मंदावली की केस तिथेच साचतात, आणि ती मंदावते बहुतेक वेळा चारा कमी पडल्यामुळे. गाजर-बिस्किटं बंद करा, सुकं गवत चोवीस तास समोर असू द्या. मऊ ब्रशने हलक्या हाताने विंचरा, मग तळवे जरासे ओले करून अंगावरून फिरवा. मोकळे केस हाताला चिकटून येतात.

पायाखालीही बघा. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, तिथले केसच गादीचं काम करतात. जाळीच्या पिंजऱ्यात ते झिजतात आणि जखमा होतात. खाली चटई किंवा गवत हवंच.

तुमच्या सशाचे केस विकले जाणार नाहीत. लोकर मिळते ती अंगोरा जातीची. हिमाचलात कुल्लूजवळ गडसा इथे सरकारी केंद्रात अंगोरा सशांवर काम झालंय, कुल्लूच्या शालींतही ती लोकर वापरतात. साधारण अडीच-तीन महिन्यांनी केस कातरतात. कातरलं तर सशाला दुखत नाही. पण 2013 मध्ये चीनमधल्या फार्मवर जिवंत सशांचे केस उपटतानाचं चित्रीकरण बाहेर आलं आणि मोठमोठ्या कपड्यांच्या ब्रँडांनी अंगोरा घेणं थांबवलं. ते किंकाळणं ऐकल्यापासून लोकर कुठून आली हे विचारल्याशिवाय मी अंगोराला हात लावत नाही. आखूड केसांपासून फेल्टच्या, म्हणजे केस दाबून केलेल्या जाड कापडाच्या, हॅट बनतात. पूर्वी त्या केसांवर पाऱ्याचं रसायन लावत, आणि ते कारागीर थरथर, भ्रम अशा त्रासाने आयुष्यातून उठत.