ओव्ह्युलेशनच्या (अंडं बाहेर पडण्याच्या) वेळी फॉलिकलमधल्या (अंडाशयातल्या अंडं असलेल्या पिशवीतल्या) पेशी विभागत राहतात का? (बेळगाव, पीयू सेकंड इयर, दहावीपर्यंत मराठी माध्यम)

नाही, ग्रॅन्युलोसा पेशींचं (फॉलिकलमध्ये अंड्याभोवती असणाऱ्या पेशींचं) विभाजन ओव्ह्युलेशनच्या आधीच थांबतं. निपाणीत पीयूच्या मुलांना बायॉलॉजी शिकवतो, दरवर्षी हा गोंधळ होतोच. सुरुवातीला अंड्याभोवती चपट्या पेशींचा एकच थर असतो. एफएसएच आणि इस्ट्रोजेन या हार्मोन्सच्या जोरावर त्या भराभर विभागतात, थरावर थर चढतात आणि मध्ये पाण्यासारखा द्रव साचतो. सोनोग्राफीत दिसतो तो 18-20 मि.मी.चा काळा गोल हाच. मग एलएच हे हार्मोन एकदम उसळतं आणि तिथून सुमारे 36 तासांत अंडं बाहेर पडतं. या उसळीनंतर ग्रॅन्युलोसा पेशी विभागणं सोडून फुगायला लागतात, त्यांच्यात चरबीचे थेंब भरतात आणि त्या प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवायला घेतात. अंडं गेल्यावर उरलेल्या फॉलिकलचंच असं कॉर्पस ल्युटियम होतं. अंड्याला चिकटलेल्या पेशी मात्र हायल्युरॉनिक ॲसिड सोडून एकमेकींपासून सुट्या होतात. स्लाइडवर आधीची घट्ट वीण उसवल्यासारखी दिसते, नक्की बघा.

दोन गोष्टी मिसळू नका:
- अंड्याचं मायोसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) वेगळं. ते जन्माआधीपासून अडलेलं असतं, एलएचनंतर पुढे सरकतं आणि मेटाफेज दोन या टप्प्यावर परत थांबतं.
- कॉर्पस ल्युटियमच्या स्लाइडवर विभागणाऱ्या पेशी दिसल्या, तरी त्या बहुतेक नव्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या असतात. म्हणून ‘सगळं विभाजन थांबतं’ असं लिहू नका, ‘ग्रॅन्युलोसा पेशींचं’ असं लिहा. पेपर इंग्रजीत असला तरी हा शब्द तोच राहतो.