दुपारी बेटावर उतरू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उजनी धरणाच्या पाण्यात उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या बेटांवर नदी सुरय या पाणपक्ष्यांची घरटी मोजायची, अंड्यांची मापं घ्यायची, हा तुझा बेत मनापासून आवडला. पण वेळ लिहिली आहेस सकाळी १० ते दुपारी २. तिथेच अडलो, आणि लगेच उत्तर लिहायला बसलो.

त्यांचं घरटं म्हणजे काडी नाही, पान नाही. वाळूत किंवा सुकल्या गाळात केलेला उथळ खळगा, त्यात दोन-तीन मातकट, ठिपक्याठिपक्यांची अंडी. एप्रिल-मेच्या दुपारी तिथे अनवाणी पाऊल ठेववत नाही. अशा वेळी सुरय अंड्यांवर असतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. मधेच उठतो, पाण्याला पोट घासत एक फेरी मारतो आणि भिजल्या पिसांनी परत येऊन बसतो. आपली टिटवीही हेच करते. नर-मादी पाळीपाळीने बसतात, साधारण तीन आठवडे. तू बेटावर उतरलीस की सगळी वसाहत ओरडत आकाशात जाते आणि अंडी उन्हात उघडी पडतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. तुझ्याच वयाचा असताना अशाच एका बेटावर भर दुपारी वही घेऊन अर्धा तास हिंडलो होतो. डोक्यावर सुरय सूर मारत होते आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं. होडीकडे परत निघालो तेव्हा दोन कावळे खाली उतरलेले दिसले. जवळच एक पिल्लू चोच उघडी टाकून धापत होतं. त्याच्यावर माझी सावली धरली तर आई येईना, आणि बाजूला झालो तर ऊन. शेवटी लांब जाऊन थांबलो. ती आली, पण तोवर पिल्लाची मान खाली गेली होती. त्या दिवसाची आकडेवारी मी कुठेच वापरली नाही.

म्हणून मोजणी सकाळी लवकर कर, होडीतूनच कर, चांगली दुर्बीण घे. बसलेले पक्षी मोजलेस की घरट्यांचा अंदाज येतो. उतरावंच लागलं तर वनखात्याची परवानगी हवी, सोबत एकच माणूस हवा, आणि दहा मिनिटांत परत. ड्रोनचा विचार डोक्यातून काढ. अंड्यांचे जवळून काढलेले फोटो कुणाला पाठवू नकोस. एकाने पाहिले की दहा जण होडी करून येतात.

अंड्यांच्या मापापेक्षा मला पाण्याच्या पातळीची नोंद जास्त मोलाची वाटते. पाणी फार उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, मग कुत्री आणि मेंढरं चालत पोचतात. अचानक वाढलं तर घरटी बुडतात. चंबळ नदीत वाळूच्या पट्ट्यांवर घरटी करणाऱ्या पाणचिऱ्यांची आणि काळ्या पोटाच्या सुरयांची हीच कथा आहे, शिवाय तिथे वाळूउपसा आहेच. पाणचिरा हा पक्षी २०२० पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त आहे. तिथे नदीकाठची गावकरी माणसंच घरट्यांची राखण करतात, आणि माझ्या मते याहून चांगला उपाय नाही. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचे लगामी सुरय त्या मानाने सुखी. ते पावसाळ्यात घरटी करतात, तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते.

कृत्रिम बेटाचं विचारलंस. जमू शकेल, पण सुरय रिकाम्या जागी सहसा उतरत नाहीत, त्यांना आधी सोबत दिसावी लागते. अमेरिकेत मेन राज्यातल्या ईस्टर्न एग रॉक या बेटावर पक्षीशास्त्रज्ञ स्टीफन क्रेस यांनी लाकडी सुरय मांडले, वसाहतीचे आवाज वाजवले, आणि १९८० मध्ये खरे सुरय तिथे घरटी करू लागले. चीनच्या किनाऱ्यावरही २०१३ मध्ये अशाच नकली पक्ष्यांनी अतिदुर्मिळ चिनी तुरेवाल्या सुरयांना एका बेटावर आणलं. आपल्याकडे मात्र आधी आहेत ती बेटं राखू.

मार्चअखेरीस ये. दोन दिवस आपण काहीच मोजायचं नाही, पाणी उतरल्यावर गाळात पीक घेणाऱ्या गाळपेरकऱ्यांकडे आणि मच्छीमारांकडे बसायचं. सुरय कुठल्या बेटावर उतरताहेत हे त्यांना आपल्याआधी कळतं. येताना डोक्याला टोपी आण, वहीला प्लास्टिकचं कव्हर घाल.

तुझा,
काका